जुन्या नकलांवर

सासरे बरे झाले आणि सुनेच्या पोटात गोळा आला.

मंगळवारी सकाळी आठला ती वॉर्डात शिरली, तेव्हा सासरे उशीला टेकून ताठ बसले होते आणि शेजारच्या कॉटवरच्या माणसाला सांगत होते, की इथला चहा म्हणजे कप विसळल्याचं पाणी. कालचा आख्खा दिवस याच माणसाने बादलीवर ओणवं होऊन काढला होता. पोटात पाणी ठरत नव्हतं, डोळे खोल गेले होते, आवाज तर विहिरीतून आल्यासारखा. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी 'खाण्यातून बाधा' असं लिहून सलाइन लावलं होतं. आणि आज ही तरतरी! सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं आणि घरी न्यायचं. कोणत्याही सुनेला आनंदच झाला असता.

हिलाही झाला. पण तो पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही. सलाइनची बाटली बदलायला आलेल्या सिस्टरला सासरे मोठ्या ऐटीत म्हणाले, "रविवारी दुपारी अळंबी जरा जास्त झाली, दुसरं काही नाही."

"कसली अळंबी?" सुनेने विचारलं.

"पाण्याच्या जुन्या टाकीमागे झाडी आहे ना, तिथली. मी स्वतः खुडलेली."

"काल मी दहा वेळा विचारलं. तुम्ही म्हणालात, बाहेर काहीतरी खाल्लं."

"मग बाहेरच उगवली होती ना ती!"

सून हसली नाही. तिने विचारलं, दिसायला कशी होती. सासऱ्यांनी हौसेने वर्णन केलं: टोपी फिक्कट हिरवट, खालचे पदर पांढरेशुभ्र, दांड्याला कमरपट्ट्यासारखी झालर.

"आणि बुडाला? जमिनीत? अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी वाटी होती?"

"ते कोण बघतंय. मी चाकूने वरून कापली. मुळं उकरून मातीत हात कोण घालणार?"

सुनेने ती अळंबी ओळखली.

तिचं काम प्रयोगशाळेतलं. काचेच्या बशीत माणसाच्या पेशी वाढवायच्या आणि त्या आतल्या मजकुराच्या नकला कशा उतरवतात ते बघायचं, हीच तिची गेली अकरा वर्षांची नोकरी. तिथे कुलपातल्या कपाटात बोटभर उंचीची एक बाटली असते. त्या पेशींचं नक्कल उतरवणं थांबवायचं असलं की त्या बाटलीतला थेंबाचा काही भाग बशीत सोडायचा. हे विष याच कुत्र्याच्या छत्रीतून काढतात. थेंब पडल्यावर कितीतरी तास पेशी अगदी टवटवीत दिसतात, हे तिने शेकडो वेळा बघितलं होतं. नंतर त्या मरतात. आता तोच टवटवीतपणा समोर कॉटवर बसून चहाला नावं ठेवत होता.

तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई मानी असत्या तर पुढची गोष्टच वेगळी झाली असती, पण त्या मानी नव्हत्या. त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी लगेच रक्त घेतलं, सलाइन दुप्पट वेगाने सोडलं, यकृतासाठीचं औषध सुरू केलं आणि त्यावरचा खास उतारा मोठ्या इस्पितळातून मागवला. यकृताची तपासणी दहा वाजेपर्यंत येईल म्हणाल्या. "तोवर त्यांना कॉटवरून हलू देऊ नका. हे विष यकृतातून आतड्यात उतरतं आणि आतड्यातून परत यकृतात चढतं. ते धुऊन काढत राहायला हवं. मध्येच उठून घरी गेले, तर परवा मी काही करू शकणार नाही."

एवढं ऐकून सून कॉटशी परत आली, तर सासरे चपला शोधत होते.

"मला आत्ताच घरी जायचंय," ते म्हणाले. "सही करून जातो. माझी जबाबदारी."

सासरे तसे कुणाचं न ऐकणारे. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसात त्यांनी चौतीस वर्षं नक्कल कारकून म्हणून काढली. मूळ नोंदवही समोर ठेवायची आणि तिच्यातली मागितलेली नोंद हाताने उतरून द्यायची. पुढे यंत्रं आली तरी लोक यांच्याच हातची नक्कल मागत. काना-मात्रेचा फरक नसे, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पडलं कार्बनसाहेब. त्या नावाचा त्यांना राग येत नसे, उलट घरी येऊन ते स्वतःच सांगत.

"तुम्ही अळंबी ओळखली कशावरून?" सुनेने विचारलं. तिला त्यांना बोलण्यात गुंतवायचं होतं.

"वाचनालयातल्या पुस्तकावरून. ते पुस्तक घरी देत नाहीत. म्हणून तिथेच बसून खाण्याच्या अळंबीचं पान वहीत उतरून घेतलं. चित्रासकट. रंगसुद्धा भरले."

"आणि समोरचं पान? त्यावर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या विषारी अळंबीचं चित्र असणार. अशा पुस्तकात ती जोडीनेच देतात."

सासऱ्यांनी तिच्याकडे नवशिक्या कारकुनाकडे बघावं तसं बघितलं. "मागितलेल्या नोंदीचीच नक्कल घ्यायची, सूनबाई. शेजारच्या नोंदीकडे डोळा गेला तर ती लाच खाण्याची पहिली पायरी. चौतीस वर्षांत मी शेजारची नोंद वाचलेली नाही."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे सुनेच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो विजेचे मनोरे उभारणाऱ्या कंपनीत, चार दिवसांच्या वाटेवर डोंगरात होता. तिकडून वाऱ्याचा आवाज आला आणि मग त्याचा. "अगं, बरं वाटतंय ना त्यांना? मग ने घरी. तुझ्या त्या बशीतलं सगळं माणसांना लागू करत जाऊ नकोस." तिला इतका संताप आला की ती कॉरिडॉरमध्ये ओरडलीच, "तू ताबडतोब निघ. एवढंच ऐक!" आणि तिने फोन ठेवला.

वळून बघते तर कॉट रिकामी.

सलाइनचा स्टँड हातात धरून सासरे सिस्टरांच्या टेबलावरच्या फोनशी उभे होते, भिंतीकडे तोंड करून, अगदी खालच्या आवाजात बोलत. ती पोचेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. चेहरा असा खुलला होता की जणू बढती मिळाली.

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले.

"काय ठीक आहे?"

"सगळंच. तुला काय करायचंय? चल, तो कागद आण, सही करतो."

सवा नऊ वाजले होते. हा माणूस उठून गेला तर परवा तो पिवळा पडणार आणि त्यानंतर त्याला कुणीही परत आणू शकणार नाही, हे सुनेला दिसत होतं. आणि त्याला ते दाखवायचं कसं, हे सुचत नव्हतं. भीती घालून हा ऐकणारा नव्हता. शेवटी तिने स्टूल ओढलं आणि त्याच्याच धंद्यात हात घातला.

"बाबा, तुमच्या ऑफिसातली मूळ नोंदवही खोलीबाहेर कधी जायची?"

"डोकं फिरलंय का तुझं? मूळ वही खोलीबाहेर जात नाही. मंत्री आला तरी."

"मग बाहेरची कामं कशी चालायची?"

"नकलेवर. दुसरं कशावर?"

"शरीरातल्या प्रत्येक पेशीत हेच चालतं. मध्ये एक खोली असते. तिच्यात मूळ वही, म्हणजे डीएनए. खोलीबाहेर कारखाना, जिथे शरीराला लागणारा माल बनतो. कारखान्याला मूळ वही कधी दिसत नाही. खोलीत एक नक्कल कारकून असतो. तो हवी ती नोंद उघडतो, अक्षर न् अक्षर वाचत पुढे सरकतो आणि नक्कल उतरवत जातो. त्या नकलेला आरएनए म्हणतात. ती बाहेर जाते आणि तिच्याबरहुकूम माल बनतो."

सासरे चपला शोधायचे थांबले होते. "अक्षरं किती?"

"चारच."

"चार? मग चुका होतातच कशा?"

"फार कमी होतात."

"आणि शिक्का? बिनशिक्क्याची नक्कल बाहेर सोडतात की काय?"

"नाही सोडत. पुढे टोपी चढवतात, मागे शेपूट जोडतात. ते झाल्याशिवाय दार उघडत नाही."

"हं. शिस्त आहे."

"पण ती नक्कल टिकाऊ नसते, बाबा. एखादी काही तासांत फाटते, एखादी दिवसा-दोन दिवसांत. फाटली की कारकुनाने नवी द्यायची. तुम्ही खाल्लेल्या अळंबीतलं विष बाकी कशाला हात लावत नाही. ते फक्त त्या कारकुनाचं मनगट धरून बसतं. मिनिटाला हजारभर अक्षरं लिहिणारा तो दोन-चार अक्षरांवर येतो."

सासऱ्यांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला होता आणि ते मनगटाकडे बघत होते.

"आणि कारखान्याला ते कळत नाही," ते म्हणाले. "कारण जुन्या नकला अजून हातात असतात. आमच्याकडे एकदा नऊ दिवस संप झाला होता. पहिले दोन दिवस गावात कुणाला पत्तासुद्धा नव्हता. ज्याच्या त्याच्या खिशात जुनी नक्कल होतीच. तिसऱ्या दिवशी बोंबाबोंब झाली."

"तसंच आहे हे. तुम्ही बरे झालेले नाही, बाबा. तुमचं यकृत जुन्या नकलांवर चाललंय."

"म्हणजे ज्याला आज बरं वाटतंय…"

"त्याने आजच दवाखान्यात असायला हवं."

सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सुनेला वाटलं, अखेर स्वतःच्या जिवाची भीती वाटली. ती हुश्श करणार, तेवढ्यात त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"सूनबाई, मी एकट्याने नाही खाल्ली."

मग ते बोलले, भराभरा, तिच्याकडे न बघता. ऑफिसातल्या टायपिस्टबाई. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. दर रविवारी दुपारी सासरे 'पाय मोकळे करायला' जात ते तिथे. अळंबी तिथेच शिजली. बाईंना इतकी आवडली की यांनी आपल्या ताटातली निम्मी त्यांना वाढली. मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा वडिलांनी नवा शर्ट घातलेला बघून तो नुसतं म्हणाला होता, "या वयात लोक हसतील हो बाबा." तेवढ्यावर सासऱ्यांनी तोंड शिवलं होतं.

"मघाशी फोन केला तो त्यांनाच," सासरे म्हणाले. "काल त्यांनाही असंच झालं. आज बरं वाटतंय, तरी एकदा दवाखान्यात दाखवून येते म्हणत होत्या. मी म्हणालो, कशाला? मला बघा, ठणठणीत आहे. जा तुम्ही खुशाल बहिणीकडे. मी त्यांना थांबवलं, पोरी. मी!"

सुनेने तो नंबर लावला. फोन नुसताच वाजत राहिला. मोबाइल त्या बाळगत नसत. बहिणीच्या गावची बस दहाची, आणि रस्ता पाच तासांचा.

"मी ओळखू कशी त्यांना?"

नक्कल कारकून तो. डोळे मिटून त्याने नोंद उतरवावी तसं सांगितलं, "डाव्या भुवईत तीळ. केसांना मेंदी लावत नाहीत. करड्या पर्सची चेन तुटलीय, तिथे दोन सेफ्टी पिना. चालत्या गाडीत मळमळतं म्हणून पुढच्या दाराजवळ, खिडकीशी बसतात. आणि अनोळखी माणसाचं एक अक्षर ऐकणार नाहीत." मग त्यांनी डोळे उघडले. "कागद दे."

सलाइनची सुई टोचलेल्या हातानेच त्यांनी दोन ओळी खरडल्या. इतकं वाईट अक्षर त्यांनी जन्मात काढलं नसेल.

सून जिन्यावरून धावतच उतरली. खालच्या कॉरिडॉरच्या टोकाला डॉक्टरीणबाई दिसल्या. "अजून एक पेशंट आणते, कॉट तयार ठेवा," एवढंच ती ओरडली. स्कूटर पहिल्या लाथेला सुरू झाली नाही. तिने तिला दोन सणसणीत शिव्या दिल्या आणि मग ती झाली. चौकातला दिवा लाल होता, तिने तो पाळला, आणि ते साठ सेकंद तिला साठ वर्षांसारखे गेले. बसस्टँडवर पोचली तेव्हा घड्याळात दहाला दोन मिनिटं कमी होती आणि चौथ्या फलाटावरची बस गुरगुरायला लागली होती.

पुढच्या दाराजवळ, खिडकीशी, मांडीवर करडी पर्स. दोन सेफ्टी पिना.

"टायपिस्टबाई, उतरा. मी कार्बनसाहेबांची सून."

बाई कानापर्यंत लाल झाल्या. चोरी पकडली गेलेल्या माणसाने आवाज चढवावा तशा म्हणाल्या, "कोण कार्बनसाहेब? तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मला काही झालेलं नाही, मी उत्तम आहे."

"तेच तर वाईट आहे," सून म्हणाली. एरवी ती चार वाक्यांत समजावू शकली असती, पण कंडक्टरने घंटी वाजवली होती. तिने कागद पुढे केला. त्यावर होतं, 'नक्कल अपुरी होती. चूक माझी. सूनबाईबरोबर या.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. "चूक माझी?" त्या पुटपुटल्या. "या माणसाने हे शब्द लिहिले?" आणि पर्स उचलून त्या उठल्या. कंडक्टर तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत म्हणत राहिला, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

दवाखान्याचा जिना बाई स्वतःच्या पायांनी चढल्या. सासऱ्यांची तपासणी आली होती. जो आकडा चाळिसाच्या आत हवा, तो नऊशे होता. बाईंचा दुपारी आला, चार हजार.

मोठ्या इस्पितळातून आलेला उतारा दोघांनाही सुरू झाला. बुधवारी सासरे पिवळे पडले आणि गप्प झाले. गुरुवारी बाईंना भ्रम होऊ लागला. चादरीवर त्यांची दहाही बोटं चालत होती, ओळ संपली की डावा हात उचलून त्या न दिसणारं काहीतरी सरकवत आणि पुढची ओळ सुरू करत. डॉक्टरीणबाईंनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, की यकृत बदलायच्या यादीत बाईंचं नाव घातलंय, पण यादी लांब आहे. शुक्रवारी सासऱ्यांचा आकडा पहिल्यांदा उतरला. तो कागद त्यांनी हातात घेतला, वाचला आणि विचारलं, "मी कमी खाल्ली म्हणून?"

सुनेला खोटं बोलावंसं वाटलं, पण तिच्याने बोलवलं नाही. "हो," ती म्हणाली.

"मी वाढली म्हणून," सासरे म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून रडले. त्या घरात सासूबाई गेल्या तेव्हाही त्यांना रडताना कुणी बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांना चालता यायला लागलं आणि ते बायकांच्या वॉर्डात बाईंच्या कॉटशी जाऊन बसले. रक्त घेतलं की सुईच्या जागेवर कापूस दाबून धरायचा, हे काम त्यांनी मागून घेतलं. कारण ते रक्त थांबतच नव्हतं. रक्त गोठवणारा माल यकृतात बनतो आणि त्याच्या नकलाही त्याच कारकुनाने द्यायच्या असतात. शुक्रवारी सासऱ्यांनी पंचवीस मिनिटं अंगठा दाबून ठेवला, तरी कापूस भिजतच राहिला. त्यांचा हात दमला तेव्हा सुनेने आपला अंगठा लावला.

शनिवारी सकाळी सिस्टरने पुन्हा सुई टोचली. सासऱ्यांनी कापूस दाबला. सून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली, कारण बाईंच्या चेहऱ्याकडे तिला बघवत नव्हतं. पाच मिनिटं झाली. दहा. सिस्टरने वाकून कापसाची कड उचलली आणि पुन्हा उचलून बघितली. खाली एक काळपट ठिपका होता, कोरडा.

सुनेने तोंडावर हात दाबला. कागदावरचा आकडा यायला अजून दोन तास होते, पण तिला कळलं होतं. आतल्या खोलीत कुणीतरी परत लिहायला बसलं होतं. बाईंनी डोळे उघडले, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि कोरड्या ओठांनी म्हणाल्या, "काय हो, माझी बस गेली वाटतं."

त्याच वेळी दारात पावलं वाजली. खांद्यावर धुळीने माखलेली पिशवी घेऊन मुलगा उभा होता. तो बापाची रिकामी कॉट बघून धास्तावून, विचारत विचारत इथवर आला होता. आपला बाप एका अनोळखी बाईचा हात धरून बसलेला त्याने बघितला आणि तो तिथेच थबकला.

"थांबलंय आजोबा रक्त," सिस्टर म्हणाली. "सोडा आता हात."

"माहीत आहे मला," सासरे म्हणाले, आणि मुलाकडे बघत तसेच बसून राहिले.